‘नामाला विरुद्धार्थी शब्द नसतो’ हे खरं नाही

पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘विरुद्धार्थी शब्द फक्त विशेषणांनाच असतात, नामांना नाही. शाळा मुलांना चुकीचं शिकवते.’

हे अर्धवट आहे. नफा-तोटा, मित्र-शत्रू, सूर्योदय-सूर्यास्त ही सगळी नामंच. माहेर-सासरही, आणि त्यातला विरोध कुणाला समजावून सांगावा लागत नाही!

कोकणातलं उदाहरण घ्या. भरती आणि ओहोटी. पाणी तेच, किनारा तोच, फक्त दिशा उलट. त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते ती उधाणाची भरती आणि अष्टमीच्या आसपासची, कमी चढणारी, ती भांगाची. म्हणजे उधाण आणि भांग ही आणखी एक जोडी. घरातही असं सापडतं: पुढे अंगण, मागे परस.

दोन शब्द एकाच मोजपट्टीच्या दोन टोकांना किंवा एकाच गोष्टीच्या दोन बाजूंना असले, की विरोध तयार होतो. खुर्ची, पोळी, छत्री यांना असं दुसरं टोकच नाही, म्हणून त्यांना विरुद्धार्थी शब्दही नाही. मेसेज खरा ठरतो तो एवढ्यापुरताच.

शाळांची चूक होते ती वेगळ्या ठिकाणी. मीठ × साखर, कप × बशी असं लिहून घेतात. कप आणि बशी सोबती आहेत, शत्रू नव्हेत. मुलगा-मुलगी हा तर लिंगबदल; काही गाइडांत तोही विरुद्धार्थी शब्दांत घुसडलेला असतो.