जमिनीवरून बाह्यग्रहांचे फोटो निघतात, खरेखुरे

साताऱ्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘हवेमुळे तारे लुकलुकतात, म्हणून पृथ्वीवरच्या दुर्बिणीतून दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह (बाह्यग्रह) दिसणं अशक्य. असले फोटो कॉम्प्युटरवर बनवतात. खरं दिसतं ते अवकाशातल्या दुर्बिणींनाच.’ शाळेतल्या मुलांपर्यंत हे पोचतंय, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

हवेची अडचण खरी आहे. डिसेंबरात यवतेश्वर घाटातून शहराच्या दिशेने उगवता व्याध बघा, क्षणात लाल, क्षणात निळा. पण ही थरथर मोजता येते आणि मोडूनही काढता येते. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्येच ही कल्पना मांडली होती. प्रकाशाची लाट कुठे किती वाकली हे सेन्सर टिपतो आणि पातळ आरशामागचे दट्टे आरसा तेवढाच उलटा वाकवतात, सेकंदाला हजारावर वेळा. चिलीतल्या व्हीएलटी (व्हेरी लार्ज टेलिस्कोप) या दुर्बिणीवरच्या ‘स्फिअर’ उपकरणात असे १३०० हून अधिक दट्टे आहेत. यालाच अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात.

कॉम्प्युटर वापरतात, हो. कशासाठी, ते मेसेज सांगत नाही. तारा टिपताना आकाश कॅमेऱ्यासमोर हळूहळू फिरू देतात. दुर्बिणीच्या दोषांमुळे उमटलेले ठिपके जागीच राहतात, ग्रह मात्र आकाशाबरोबर ताऱ्याभोवती सरकतो. न हलणारं सगळं वजा केलं की ग्रह उरतो. बीटा पिक्टोरिस या ताऱ्याचा ग्रह २००३ च्या चित्रांत ताऱ्याच्या एका बाजूला होता, २००९ मध्ये दुसऱ्या बाजूला सापडला. एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे तीन ग्रह २००८ मध्ये हवाईतल्या केक आणि जेमिनी दुर्बिणींनी दाखवले, चौथा २०१० मध्ये. तेव्हापासून ते आपापल्या कक्षेत पुढे सरकताना दिसतायत.

अवकाशातलीच दुर्बीण खरी, हे तर उलटंच निघालं. हबल या अवकाश दुर्बिणीने दाखवलेला फोमलहॉट ताऱ्याचा ‘ग्रह’ २००८ मध्ये गाजला, पुढे विरत गेला. तो धुळीचा पसरणारा ढग असावा, असं २०२० मध्ये मांडलं गेलं. हबलचा आरसा २.४ मीटरचा, केकचा १० मीटरचा. बारकावे आरशाच्या रुंदीवर ठरतात.

मर्यादा आहेतच. आजवर टिपलेले बहुतेक ग्रह तरुण, तापलेले, गुरूहून जड आहेत. सूर्यासारख्या ताऱ्याजवळचा पृथ्वीसारखा ग्रह त्या ताऱ्याच्या सुमारे हजार कोटीव्या हिश्श्याइतकाच उजळ असतो, तो अजून कुणालाच टिपता आलेला नाही.

आणि हे सगळं परक्यांचं म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेत केप्लर अवकाश दुर्बिणीने हेरलेले तारे तपासणारी ‘रोबो-एओ’ ही अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सची यंत्रणा तिथल्या कॅलटेक विद्यापीठाने पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेसोबत उभारली होती.