म्हणे "कंट्रोल ए मारा, झालं!"

व्हॉट्सॲपवर फिरतंय ते तुम्हालाही आलं असेल: 'वर्डमधल्या स्टाइल म्हणजे फुकटचा ताप. कंट्रोल ए मारा, फॉन्ट बदला. मराठीला स्टाइल लागतच नाही, आणि एकदा दिलेली बदलायची तर पान न पान चाळा.'

स्टाइल म्हणजे फॉन्ट, साइज, बोल्ड असं सगळं एका नावाखाली बांधून ठेवायचं आणि मजकुराला ते नाव द्यायचं. आता कंट्रोल ए चं, म्हणजे सगळा मजकूर एकदम निवडायचं, आधी. सगळ्यावर एकच फॉन्ट थापला की जिथे मुद्दाम वेगळा ठेवला होता तिथलाही जातो. त्यात मधे कृतीदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला उतारा असेल तर बघायलाच नको, तो आतून रोमन अक्षरांचाच असतो, मंगलसारखा युनिकोड फॉन्ट लावला की मराठीचा नुसता कचरा दिसतो.

आता मराठीचं, कारण इथे लोक खरंच फसतात. स्टाइलमध्ये फॉन्ट बदलला, इंग्रजी शब्द बदलले आणि देवनागरी ढिम्म! तर वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट (अक्षरं जोडून-बदलून मांडावी लागणारी लिपी) मानतं आणि तिचा फॉन्ट, साइज, बोल्ड सगळं वेगळं लक्षात ठेवतं. स्टाइलवर राइट क्लिक करून मॉडिफाय, मग फॉरमॅट, मग फॉन्ट असं गेलात की लॅटिनचा (म्हणजे इंग्रजी अक्षरांचा) एक आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा दुसरा रकाना दिसतो, आपण वरचाच भरतो आणि शिव्या स्टाइलला घालतो. (दुसरा रकानाच दिसत नसेल तर ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी ॲड करा.) लिबरऑफिसमध्ये हेच सीटीएल (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) नावाने असतं.

उलट मराठीलाच स्टाइल जास्त लागते. बऱ्याच देवनागरी फॉन्टना खरं इटॅलिक नसतंच, अक्षरं नुसती तिरकी ढकललेली असतात, दिसतातही तशीच. पुस्तकांच्या नावांना कॅरेक्टर स्टाइल (अख्ख्या परिच्छेदाला नाही, तेवढ्या शब्दांनाच लागणारी) दिलेली असली की एका जागी इटॅलिक काढून बोल्ड करा, तीनशे पानांत बदललं.

पान न पान चाळायचं म्हणाल तर कंट्रोल एच (शोधा आणि बदला), मोअर, फॉरमॅट, स्टाइल. शोधायचा आणि बदलायचा असे दोन्ही खोके रिकामे ठेवायचे, वरच्यात कर्सर ठेवून जुनी स्टाइल निवडायची, खालच्यात नवी, रिप्लेस ऑल. चहा गार व्हायच्या आत होतं.

हां, एक खोच आहे. आधीच इटॅलिक असलेल्या पॅराग्राफ स्टाइलमध्ये (अख्ख्या परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये) एम्फसिस ही वर्डची तयार, इटॅलिक करणारी कॅरेक्टर स्टाइल लावली की शब्द सरळ होतो. तो बग नाही, मुद्दाम तसं आहे, तिरक्यात उठून दिसावा म्हणून.

आणि नको असलेली स्टाइल डिलीट करायची घाई नको. मजकूर कुठे जात नाही, पण त्याचं वेगळेपण जातं आणि मग कुठला शब्द पुस्तकाचं नाव होता ते शोधत बसाल. आधी रिप्लेस, मग डिलीट.