रस्ता कापू नका, लहान रस्ता निवडा

मॉडेल रेल्वे करणाऱ्यांत एक सल्ला सारखा फिरत असतो: लेआउटवरचा, म्हणजे रुळांभोवती उभारलेल्या छोट्या देखाव्यातला, रस्ता स्केलप्रमाणे करायचा नाही, त्याची रुंदी एक-तृतीयांश कमी करायची. खरं माप डोळ्यांना अवाढव्य दिसतं, जागा खातं, आणि आपले रस्ते तसेही अरुंदच, ही त्यामागची कारणं. मला यातलं एकही पुरतं पटत नाही.

आधी माप बघू. आपल्याकडे दुपदरी रस्त्याचं डांबर साधारण 7 मीटर. एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान मॉडेलमध्ये (1:87), ते 80 मिलिमीटर होतं. एक-तृतीयांश कापलं की उरतात 53. एसटी आणि ट्रक अडीच-अडीच मीटर रुंद धरले, तर मॉडेलमध्ये प्रत्येकी 29 मिलिमीटर, दोन्ही मिळून 58. बसणार कसे? माझ्या पहिल्या लेआउटवर रेल्वे फाटकापाशी हेच झालं. फाटक उघडतं आणि दोन्हीकडून गाड्या सुटतात, तो क्षण मला हवा होता. लाल एसटी ठेवली, समोरून ट्रक आणला, तर त्याची डावी चाकं डांबराबाहेर आणि हौदा फाटकाच्या खांबाला टेकलेला. भाच्याने विचारलं, "मामा, हा जाणार कुठून?" चार दिवस खपून रंगवलेला रस्ता मी उखडला.

अवाढव्य दिसतो, हे मात्र खरं आहे. पण दोष रुंदीचा नाही. आपण उभे राहून वरून बघतो, आणि रस्ता असतो रिकामा, एकसारखा करडा. डोळे बोर्डाच्या पातळीला आणून बघा. मग कडेला मातीची साइडपट्टी द्या, डांबराची कड जागोजागी तुटकी करा, काळपट ठिगळं लावा, मधला पांढरा पट्टा थोडा पुसट ठेवा. तोच 80 मिलिमीटरचा रस्ता ओळखीचा वाटू लागतो. 1:64 च्या खेळण्यातल्या गाड्या तेवढ्या त्यावर ठेवू नका. एचओपेक्षा त्या एक-तृतीयांशाने मोठ्या असतात.

जागेचं म्हणाल, तर वाचतात 27 मिलिमीटर, जेमतेम इंचभर. शेजारी रुळांची आणखी एक लाइन टाकायला एचओत साधारण 50 मिलिमीटर लागतात.

आपले रस्ते अरुंद असतात, हेही खरंच. पण गावाकडचा अरुंद रस्ता म्हणजे कापलेला दुपदरी नव्हे. तो एकपदरी, पावणेचार मीटरचा. एचओत 43 मिलिमीटर, त्याहून लहान एन स्केलला (1:160) 23. त्याला मधला पट्टा नसतो, आणि समोरून गाडी आली की एकाला साइडपट्टीवर उतरावं लागतं. जागा कमी असेल तर हाच करावा. घाटातल्या तीव्र वळणावर तर रस्ता उलट रुंद लागतो, खऱ्यात दीड मीटरपर्यंत जास्त.

अगदी मागे, देखाव्यामागच्या पडद्यावरच्या चित्राला भिडणारा रस्ता निमुळता करत नेणं मला मान्य आहे, गाड्याही तिथे लहान स्केलच्या ठेवल्या तर.

माझ्या फाटकावर आता 80 मिलिमीटर आहेत. एसटी आणि ट्रक शेजारून जातात, आणि दोघांच्या मधून माझी करंगळी सहज फिरते.