दादाला आळशी म्हणणाऱ्यांसाठी

दादाला विचारून, त्यानं हो म्हटल्यावरच लिहिते आहे.

दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, चार वर्षं ट्रामाडॉल या वेदनाशामकाच्या गोळ्या खात होता. मणक्याच्या दुखण्यावर सुरू झाल्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. मागच्या दिवाळीनंतर त्यानं त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडल्या, आणि घरातली खरी भांडणं तिथून सुरू झाली. लोकमान्यनगरच्या घरात तो दिवसभर गॅलरीत बसून. आत्या म्हणायची, "आता तर गोळ्या पण नाहीत, मग काहीच का करून नाही राहिला हा?" वहिनीचं दुःख वेगळं होतं. ते तिनं मला स्वयंपाकघरात, नळ सुरू ठेवून सांगितलं. नवऱ्याचं आपल्यावरून मन उडालंय, असं ती धरून बसली होती.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी सकाळचं रक्त तपासायला लावलं. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांचं मुख्य संप्रेरक, बरंच खाली होतं. दुसऱ्यांदा तपासलं, तरी तेच.

आपल्या माळव्याला अफू नवी नाही. मंदसौर-नीमचची शेतं आपण पाहिलीत, नीमचला सरकारी कारखाना आहे. ट्रामाडॉल अफूतून निघत नाही, पण मेंदूत जिथे अफू बसते तिथेच तेही बसतं. या जागा १९७३ मध्ये सापडल्या. त्या फक्त वेदनेच्या वाटेवर नाहीत, हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातही आहेत. तिथून साधारण दर दीड-दोन तासांनी खालच्या पिट्यूटरी ग्रंथीला एक निरोप जातो, आणि त्यावर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन, बायकांचं इस्ट्रोजेन चालतं. अफूसारखं काम करणारं औषध रोज घेतलं की हा निरोप मंदावतो. मग इच्छा जाते, अंगातलं बळ जातं, मन उदास राहतं. बायकांची पाळी थांबते; मात्र औषध सोडल्यावर पाळी परत येण्याआधीच बीज सुटू शकतं, हे कुणी सांगतच नाही!

म्हणजे वहिनी ज्याला मन उडणं समजत होती, ते रक्तात मोजता येत होतं. रिपोर्ट हातात घेऊन ती रडली. मला वाटतं, सुटका झाल्यासारखी रडली.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. १९९५ मध्ये मॉन्ट्रियलच्या शाहम आणि स्टुअर्ट या संशोधकांनी हेरॉइनची सवय लागलेल्या उंदरांचं हेरॉइन बंद केलं. उंदरांनी हेरॉइनसाठी कळ दाबणं सोडलं. मग पायाला थोडा वेळ विजेचे हलके झटके दिले, तर तेच उंदीर पुन्हा कळ दाबू लागले. तणावाच्या संप्रेरकांची यंत्रणा व्यसन सुटल्यावरही बराच काळ हुळहुळी राहते. माणूस उंदीर नव्हे, मान्य. पण जेवताना "कमावतोस काय?" असं रोज विचारणं म्हणजे दुसरं काय होतं? त्या ताटावर मीही बसलेली असायचे, आणि गप्प असायचे.

ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी डॉक्टरांना हार्मोनच्या तपासणीचं स्वतःहून विचारा. जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन मात्र घेऊ नका, त्यानं शरीरात आपलं आपण बनणारं टेस्टोस्टेरॉन आणखी दबतं. औषध सुटल्यावर बऱ्याच जणांची पातळी आपोआप वर येते. दादाची आली, पाच महिने लागले. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

आत्यानं ही पोस्ट टाकण्याआधी वाचली. "माझं वाक्य राहू दे," म्हणाली.