सीपॅपमुळे फुफ्फुसं आळशी होत नाहीत
कोथरूड-कर्वेनगरच्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय: ‘स्लीप ॲप्नियासाठी सीपॅप लावलं की फुफ्फुसं आळशी होतात, मशीन जन्मभर सुटत नाही.’ हे चूक आहे. स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडखळण्याचा आजार, आणि सीपॅप म्हणजे त्यासाठी मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन.

मशीन तुमच्याऐवजी श्वास घेत नाही. या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासाची वाट बंद होते. हवेचा दाब ती उघडी ठेवतो, इतकंच. मशीन काढल्यावर त्रास परततो, कारण मूळ दोष शिल्लक असतो. वजन बरंच उतरलं तर काहींचं मशीन सुटतंही, पण ते पुन्हा स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी) करून डॉक्टरांनी ठरवायचं.

तासाला ३० किंवा जास्त वेळा श्वास अडखळणं म्हणजे तीव्र आजार. अशांनी तरी मेसेज वाचून मशीन कपाटात टाकू नका, कळकळीची विनंती! मास्क टोचत असेल तर बदलून घ्या. नाक कोरडं पडत असेल तर हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर जोडता येतो.