बाळ ‘बाबा’ म्हणेपर्यंत बापाने थांबायचं का?

नव्याने बाप होणाऱ्यांना उपदेश करणारा एक संदेश सध्या फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, तिघांनीही प्रेमानेच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पहिलं वर्ष बाळ आईचंच असतं. आईला निसर्गाने त्यासाठी घडवलंय, बापाच्या शरीरात काहीच बदलत नाही. बाळाचं रडणं आईलाच कळतं. बाळ ‘बाबा’ म्हणायला लागलं की बापाला आपोआप माया फुटते, तोवर त्याने कमवावं आणि मध्ये लुडबूड करू नये. शिवाय बाळंतपणानंतरचं नैराश्य बायकांना येतं, पुरुषांनी त्याचं नावही काढू नये.

माझी मुलगी आता सात महिन्यांची आहे. हे सगळं मी तिच्या जन्माआधी वाचलं असतं तर कदाचित पटलंही असतं, आणि तिचे पहिले काही महिने माझ्या हातून निसटले असते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सुरुवात रडण्यापासून करतो, कारण सगळ्यात जास्त बाप इथेच माघार घेतात. २०१३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. फ्रान्स आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक इथल्या आईबापांना त्यांनी वेगवेगळ्या बाळांचं रडणं ऐकवलं आणि यातलं तुमचं बाळ कोणतं, असं विचारलं. आया आणि रोज चार तासांहून जास्त वेळ बाळाजवळ असणारे बाप यांच्यात फरक सापडला नाही. त्याहून कमी वेळ देणारे बाप मात्र जास्त वेळा चुकले. बाळ का रडतंय हा तिथे प्रश्न नव्हता, कोणाचं बाळ रडतंय एवढाच होता, हे खरं. पण कान आईचा की बापाचा यापेक्षा तो बाळाजवळ किती तास असतो हे महत्त्वाचं, एवढं त्यातून स्पष्ट दिसतं.

‘का’चं उत्तर मला घरात मिळालं. पहिल्या आठवड्यात तिचं सगळं रडणं मला एकसारखं वाटायचं आणि छातीत धस्स व्हायचं. पाचव्या आठवड्यातली एक रात्र आठवते. अडीच वाजता ती रडायला लागली. भुकेचं रडणं आधी कुरकुरत येतं, मूठ तोंडाकडे जाते, मान इकडेतिकडे वळते. हे तसं नव्हतं. आवाज एकदम वरच्या पट्टीत, पाय पोटाशी आखडलेले. बायकोने तिला अर्ध्या तासापूर्वीच पाजलं होतं. मी तिला खांद्यावर उभी धरली आणि तळहाताची वाटी करून पाठ थोपटत राहिलो. चार-पाच मिनिटांनी ढेकर आला आणि तिचं सगळं अंग सैल पडलं. बायको जागीही झाली नाही. हे उपजत नव्हतं. त्याआधीच्या तीस-बत्तीस रात्रींनी ते शिकवलं होतं, आणि त्या रात्री मी दुसऱ्या खोलीत झोपलो असतो तर आजही रडणारं बाळ बायकोच्या हातात देऊन मोकळा झालो असतो.

याच ओघात एक गोष्ट सांगायलाच हवी. बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि मग हळूहळू कमी होतं. भूक नाही, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, तरीही बाळ थांबत नाही, असे दिवस येतात. आपला तोल जातोय असं वाटलं तर बाळाला त्याच्या जागी पाठीवर ठेवा आणि पाच-दहा मिनिटं खोलीबाहेर जा. त्याला जोरात हलवू नका, कधीच नाही. बाळ अजून मान धरत नाही, आणि अशा हिसक्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

आता शरीराचा मुद्दा. नऊ महिने, प्रसूती आणि दूध आईचंच, त्यात कुणी वाटेकरी नाही. पण बापाच्या शरीरात काहीच बदलत नाही हे चूक. फिलिपाइन्समधल्या सेबू इथे ६२४ तरुणांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांमधलं मुख्य संप्रेरक, २००५ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये मोजलं गेलं. मधल्या काळात जे बाप झाले त्यांच्यात ते बरंच खाली आलं होतं, आणि रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलाचं करणाऱ्यांमध्ये सगळ्यात कमी होतं. हे पौरुष घटणं नव्हे. बाळ सांभाळायला लागलेल्या माणसाचं शरीर त्या कामाला जुळवून घेत असतं.

‘माया आपोआप फुटते’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. पहिले दहा दिवस मला मायेपेक्षा भीतीच जास्त वाटत होती. टाळू धडधडताना दिसायची आणि हात लावायचा धीर होत नव्हता. पहिली शी काळी, डांबरासारखी चिकट असते हे कुणी सांगितलं नव्हतं, मी घाबरून नर्सला हाक मारली होती. ‘आपल्याला काहीच कसं वाटत नाही’ या विचाराने रात्री झोप लागत नसे. माया आली ती कामातून. नाळ ओली राहू नये म्हणून लंगोटाची कड खाली दुमडताना, कानामागे सुकलेलं दूध पुसताना. जन्मल्यावर बाळाला वीस-तीस सेंटीमीटरवरचंच त्यातल्या त्यात नीट दिसतं, म्हणजे मांडीवर घेणाऱ्याचा चेहरा. सातव्या आठवड्यात लंगोट बदलताना ती माझ्याकडे बघून पहिल्यांदा ओळखीचं हसली. ‘बाबा’ या शब्दाला अजून बराच अवकाश आहे.

लुडबुडीबद्दल फार बोलत नाही. नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं. अंगावर पाजणं सोडलं तर आधीचं आणि नंतरचं सगळं बापाला करता येतं. बाळंतिणीला सलग तीन तास झोप मिळणं ही लुडबूड नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात गरोदरपणापासून बाळाच्या पहिल्या वर्षापर्यंत सुमारे १० टक्के बापांमध्ये नैराश्य आढळलं, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना प्रमाण सर्वाधिक होतं. पुरुषांमध्ये ते अनेकदा रडण्यातून दिसत नाही. चिडचिड होते, कामावरून घरी जायला पाय निघत नाही, बाळ झोपलं तरी झोप येत नाही. दोन आठवडे असं चाललं तर डॉक्टरांना सांगा, बायकोला त्याच्याही आधी. अशा माणसाला ‘नाव काढू नको’ म्हणणं म्हणजे त्याला आणि त्याच्या बाळाला वाऱ्यावर सोडणं.

संदेश पाठवणाऱ्या तिघांपैकी एकजण दोन महिन्यांनी बाप होणार आहे. काल त्याला फोन केला. म्हटलं, डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर पहिल्याच दिवशी शर्ट काढ आणि बाळाला उघड्या छातीवर घे. सिझेरियननंतर बापाच्या छातीवर ठेवलेली बाळं पाळण्यातल्या बाळांपेक्षा कमी रडतात, असं एका स्वीडिश अभ्यासात दिसलंय. तो म्हणाला, “पण धरू कसं? हातातून निसटलं तर?” मग उशी घेऊन फोनवरच त्याला दाखवलं: एक हात मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि कोपर अंगाशी.