बर्फ किती फूट आहे, एवढंच विचारू नका

डिसेंबर लागला की कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच. "गुलमर्गला चाललोय. बर्फ किती फूट आहे?" मी दोनदा तिथे स्कीइंग शिकायला गेलोय, म्हणून लोक मला विचारतात. आकडा सांगायला काहीच कष्ट नाहीत, कुठल्याही ॲपवर तो दिसतो. पण तुम्ही गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या उतारांवर उतरणार असाल तर नुसत्या आकड्याचा भरवसा धरू नका, हिमस्खलनाचा धोका त्यावरून कळत नाही, हे मला आज कळकळीने सांगायचंय.

गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे. गोंडोल्याचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगदूरीला थांबतो. दुसरा थेट अफरवटच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळपास नेऊन सोडतो. चालत गेलो तर चढताना वारा लागतो, पायाखालचा बर्फ बदलताना कळतो, दमलो की थांबतो. गोंडोल्यात यातलं काहीच होत नाही. खाली चहा पिऊन निघालेला माणूस थोड्याच वेळात अशा ठिकाणी उभा राहतो, जिथे वाऱ्याने रात्रभर एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचून ठेवलेला असतो. खाली एक फूट पडला म्हणजे वरही एकच फूट, असं नसतं.

माझ्या दुसऱ्या खेपेला जवळजवळ महिनाभर कोरडं गेलं होतं. मग पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ, आला आणि दोन दिवस धो धो बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन. आम्ही सगळे उतावीळ झालो होतो. आमचे प्रशिक्षक तिथलेच, खालच्या टंगमर्ग गावाकडचे. त्यांनी आम्हाला वर न नेता एका सुरक्षित उतारावर फावडं घेऊन खड्डा खणायला लावला. छातीएवढा खोल. मग हातमोजा काढून खड्ड्याच्या भिंतीवर वरून खाली बोटं फिरवायला सांगितलं.

वरचा दोन दिवसांचा बर्फ मऊ पण एकसंध होता. त्याखाली उन्हाने आलेला पातळ कडक पापुद्रा. आणि जमिनीलगत बोटं गेली तर बर्फ चक्क ओघळायला लागला, डब्यातून साखर सांडावी तसा. मूठभर घेऊन दाबला, पण गोळा होईना. एकेक दाणा सुटा. वरचं ते सगळं ओझं या साखरेवर उभं होतं.

असं का होतं, ते मी नंतर नीट समजून घेतलं. बर्फाखालची जमीन शून्याच्या आसपास असते आणि वरची हवा उणे दहा-पंधरा. बर्फाचा थर जाड असेल तर हा फरक हळूहळू विभागला जातो. थर पातळ असेल आणि आकाश रोज निरभ्र, तर तेवढाच फरक फूट-दीड फुटात बसतो. मग खालची वाफ वर सरकत राहते, कण नव्याने घडतात, कोनेदार होतात आणि एकमेकांची पकड सोडतात. म्हणजे कमी बर्फाचा हिवाळा हा कमी धोक्याचा हिवाळा, हा समज साफ चुकीचा आहे. आधी पातळ थर, मग लांबलेली कोरडी थंडी आणि त्यावर एकदम भरपूर बर्फ, हा क्रम सगळ्यात वाईट.

2024 आठवा. जानेवारीत गुलमर्गच्या तपकिरी मैदानांचे फोटो सगळीकडे फिरत होते. फेब्रुवारीत एकदम जोरदार बर्फ झाला, लोक धावले, आणि 22 फेब्रुवारीला तिथल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा जीव गेला. त्याच्या आदल्या वर्षी, 1 फेब्रुवारी 2023 ला, अफरवटवरच दोन पोलिश स्कीअर गेले होते.

काश्मिरी माणूस बर्फ किती पडला याइतकंच तो कधी पडला हेही पाहतो. 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलां. त्या थंडीत पडलेला बर्फ बसतो, टिकतो आणि उन्हाळ्यात ओढ्यांना, शेताला पाणी देतो. उशिराचा बर्फ भराभर वितळून जातो. 2025 च्या फेब्रुवारीत बर्फच नाही म्हणून गुलमर्गचे खेलो इंडिया हिवाळी खेळ मार्चवर ढकलावे लागले. हे आता अपवाद म्हणून सोडून देता येत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

पण राग येतो तो आपल्या माणसांचा. माझ्या त्या दुसऱ्या खेपेच्या आठवड्यातच एक ग्रुप गाइडशी हुज्जत घालत होता. सुरक्षित हद्दीच्या दोरीपलीकडे जायचंच, इतके पैसे भरलेत, जास्तीचे देतो. गाइड पोरगाच होता, हात जोडून नाही म्हणत होता. ज्याचं वर्षाचं पोट या तीन महिन्यांवर चालतं, त्याला नाही म्हणायला किती जड जात असेल! तो नाही म्हणतोय तर तिथेच थांबा ना.

गोंडोल्याखालच्या मुख्य उतारावर गस्ती पथक पाहणी करतं, गरज पडली तर स्फोट करून बर्फ आधीच पाडतं. दोरीपलीकडे हे कुणी करत नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार, म्हणजे स्कीइंगला सगळ्यात मजेचा, तोच स्खलनालाही सगळ्यात सोयीचा. गाडला गेलेला माणूस वाचायचा तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच. तेवढ्यात खालून मदत येत नाही. सोबतच्यांकडेच ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवं, आणि ते वापरायचा सराव हवा. नुसतं भाड्याने घेऊन सॅकमध्ये टाकलेलं काही कामाचं नाही.

तेव्हा विचारायचंच असेल तर गस्ती पथकाला विचारा: गेल्या तीन दिवसांत किती पडला, वारा कुठून होता, खालचा थर कसा आहे, आज कुठे बर्फ सुटलाय का.

खड्डा खणला त्या दिवशी आम्ही वर गेलोच नाही. बर्फात पाय रुतू न देणारे रुंद स्नोशू बांधून फरच्या झाडीतल्या सपाटीवर तीन-चार तास हिंडलो. फांदीवरचा बर्फ मधूनच धप्पकन खाली पडायचा आणि त्या आवाजाने सगळे एकदम थांबायचो. दुपारी वरच्या बाजूने एक लांबलचक गडगडाट ऐकू आला. प्रशिक्षकांनी फक्त मान वर करून तिकडे पाहिलं आणि पुढे चालायला लागले.